दादाचा शेवटचा स्लॅब

६ मे १९९८, बुधवार

ही वही सिमेंटच्या दुकानानं जानेवारीत फुकट दिलेली. दरवर्षी दोन मिळतात. एकीत दादा कामाची टिपणं करायचा आणि दुसरी माझ्यापुढं टाकून म्हणायचा, "मल्हारी, तुझा राग हिच्यावर काढत जा, तेवढीच माणसं वाचतील." मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण समोर येईल त्याचं डोकं फोडावंसं वाटतंय.

काल सकाळी दादा गेला. सूर्यभान मिस्त्री, माझा सख्खा थोरला भाऊ, वय अठ्ठावन्न. परवा आम्ही दगडाबाईच्या घराचा स्लॅब टाकला. काल उजाडताच दादा वर चढला, चिखलाचे बांध घालून स्लॅबभर वाफे केले, पुंजारामच्या टँकरचं पाणी त्यांत काठोकाठ सोडलं आणि खाली उतरून लिंबाखाली विटांच्या थप्पीवर बसला. माझ्याशी काहीतरी बोलला, रोजच्यासारखंच. मी उरलेल्या सळया मोजत होतो. वळून बघितलं तर तो एका अंगावर कलंडलेला. औरंगाबादला न्यायला जीप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वीस-बावीस किलोमीटरवर एवढं मोठं शहर, अलीकडं चिकलठाण्याला विमानं उतरतात, आणि करमाडात माणसाला वेळेवर जीप मिळत नाही.

बसस्टँडवरच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहिलंय, 'करमाडचे सुप्रसिद्ध बिल्डर सूर्यभानजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' ज्यानं लिहिलं त्याच्या घराची भिंत दादानं बांधलीय, आणि त्याला एवढंही माहीत नाही की दादाला बिल्डर म्हटलेलं खपायचं नाही. "बिल्डर शहरात असत्यात, मी गवंडी हाय," म्हणायचा. मी तो शब्द बोटानं पुसून आलो.

दादाला मुलगा नाही, एक मुलगी सुगंधा. म्हणून अग्नी मी दिला. स्मशानात सगळे गवंडी, सेंटरिंगवाले, विटावाले जमलेले. सगळ्यांदेखत मी सांगितलं, "दहा दिवस करमाडात कुणी थापीला हात लावायचा नाय. एवढा मान राखा त्याचा." एकानंही का कू केलं नाही. कालच्या दिवसात तेवढी एकच गोष्ट मनासारखी झाली.

८ मे, शुक्रवार

काल राख सावडली. शहरातून लोखंडवाला मोठा हार घेऊन आला आणि वहिनीपुढं म्हणाला, "मिस्त्री जबान का पक्का आदमी था." वहिनीनं, म्हणजे मंजुळाबाईनं, दादाच्या बायकोनं, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्यासारखं मलाही जमलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याला विचारलं, माझ्या भावाला वाकलेल्या सळया का पाठवायचास. तो चहा न पिता गेला.

आणि आज दगडाबाई. ही बसस्टँडवर भाजी विकते. नवरा नाही, दुसऱ्याच्या जागेत पत्र्याच्या खोलीत राहते आणि जूनअखेर तिथून निघायचंय. दोन खोल्या आणि पडवी, एवढं तिचं घर. दादानं कागदावर नकाशा कधी काढला नाही. जागेवर चुन्याची फक्की मारायचा आणि घरच्या बाईला त्या रेघांमध्ये उभी करायचा. "इथं चूल. बस. आता भाकर थाप बरं." बाई लाजत लाजत हवेत भाकर थापायची. हात भिंतीला लागतोय म्हणाली की दादा पायानं रेघ पुसून वीतभर पलीकडं मारायचा. दगडाबाईसाठी त्यानं चार वेळा रेघ पुसली. उन्हात तासभर. मी बाजूला उभा राहून चडफडत होतो.

तर एवढं ज्यानं केलं, त्याची राख गोळा करून एक दिवस होतोय आणि ही बाई दारात उभी राहून विचारते, "मल्हारीभाऊ, स्लॅबच्या पाण्याचं कसं करावं?"

मी म्हटलं, "बाई, माझा भाऊ गेलाय. चार दिवस तरी स्वतःच्या घराचं नाव काढू नको. लाज वाटू दे काही."

ती खाली मान घालून गेली. जाताना ओट्यावर भाकरीचं फडकं ठेवून गेली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून आणलं असेल. असली माणसं. आपलं घर झालं की दुनिया गेली खड्ड्यात.

१० मे, रविवार

नातेवाईक ओसरीवर बसून दादाचे गुण सांगतात आणि माझ्याकडं बघतात, मी मान हलवावी म्हणून. मी हलवतो. पण वहीत खरं लिहायला काय हरकत आहे?

१९७९ साली माझं लग्न झालं तेव्हा याच अंगणात दादानं माझ्यासाठी वेगळी खोली बांधली. स्लॅब टाकला. आठ दिवसांनी पडेगावच्या कुणा ज्योतिषाचं नाव सांगून दादानं माझ्या खोलीचा स्लॅब घणानं फोडला. म्हणे वास्तू बरोबर नाही. जन्मात ज्योतिषाची पायरी न चढलेला माणूस. पैसे संपलेले, त्यामुळं दोन वर्षं मी आणि बायको मागच्या पडवीत पडदा लावून राहिलो. लोक हसले. मी दादाला एक शब्द बोललो नाही. माझा भाऊ करतो ते बरोबरच असणार, असं सगळ्यांना सांगत राहिलो. पण ते घणाचे घाव अजून माझ्या कानात आहेत, आणि तो गेला तरी ते जात नाहीत.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. लिहिलं.

१२ मे, मंगळवार

त्रेचाळीस डिग्री. सकाळी नवालाच अंगण तव्यासारखं तापतं. गावात एक थापी वाजत नाही, एक मिक्सर सुरू नाही. पुंजारामनंसुद्धा टँकर वडाखाली लावून टाकलाय. रामकिसन, आमच्या टोळीचा मुकादम, येऊन म्हणाला, "भाऊ, असा बंद करमाडनं कधी पाहिला नाय." ऊर भरून आला. आमच्या बापानं मेंढ्या राखल्या. दादानं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या भिंती बांधता बांधता हात बसवला. त्या माणसासाठी अख्खं गाव थांबलंय.

सुगंधा नांदेडहून आलीय, दोन लेकरांची आई झालीय, पण दिवसभर बापाचा गमछा मांडीवर घेऊन बसते. ती सहा वर्षांची असताना वहिनीचा हात तेलानं भाजला. तेव्हापासून दादा तिची वेणी घालायचा. सिमेंटनं फुटलेल्या बोटांत केस अडकायचे, पोरगी बोंबलायची. वहिनीचा हात बरा झाला तरी पोरगी सातवीत जाईपर्यंत दादाच वेणी घालत होता. वहिनी म्हणायची, आता द्या माझ्याकडं. दादा द्यायचा नाही. कुठलंही काम एकदा हातात घेतलं की त्याला दुसऱ्याकडं देता यायचं नाही. लोकांना हे कौतुकाचं वाटतं. सोबत काम करणाऱ्याला विचारा.

१४ मे, गुरुवार

आज दहावा. नदी कोरडी, म्हणून विधीला पुंजारामनं अख्खा टँकर भरून पात्रात आणला. मी डोकं भादरलं, अंघोळ केली. उरलेलं पाणी वाळूत सोडून दिलं.

घरी आल्यावर सुगंधानं विचारलं, "काका, आबा शेवटचं काय म्हणाले?"

मी म्हटलं, "काही नाही गं, रोजचंच."

"रोजचंच काय?"

"हेच. 'दुपारच्याला वाफे बघ रे.'"

बोललो आणि तोंड तसंच उघडं राहिलं. सुगंधा काका, काका म्हणत होती. मी अनवाणी निघालो.

स्लॅबवर चढलो तेव्हा तळपायाला फोड आले. वाफ्यांचे बांध वाळून फुटलेले, त्यांत पाण्याचा टिपूस नाही. स्लॅब पांढराफटक, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरा. टाकल्यापासून कमीत कमी चौदा दिवस जो स्लॅब ओला राहायला पाहिजे, त्याला दादाच्या हातचं एका सकाळचं पाणी मिळालं. पुढचे नऊ दिवस वर आग आणि खाली कुणी नाही.

खाली उतरून वडाखाली गेलो आणि पुंजारामची गचांडी धरली. "टँकर का नाही आणलास? कुणी सांगितलं तुला काम बंद ठेवायला?"

पुंजाराम साठीचा माणूस. माझा हात सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. म्हणाला, "तुम्हीच की. मसणवट्यात."

१५ मे, शुक्रवार

सकाळी रामकिसनला घेऊन गेलो. हातोडी मारली की खणखणीत आवाज यायला पाहिजे. येत नाही. वर घागरभर पाणी ओतलं, थोड्या वेळानं खाली सेंटरिंगच्या पत्र्यांच्या सांध्यांतून ठिबकायला लागलं. आरपार.

रामकिसन इकडंतिकडं बघून म्हणाला, "सिमेंटची रबडी चिरांत सोडू. वरून गिलावा, खालून गिलावा. पाच-सात वर्षं काय होत नाय. परवा तेरवीला चौकाला मिस्त्रींचं नाव द्यायचं ठरलंय, सरपंच काकासाहेबानं पाटीसुद्धा रंगवून घेतली. आता ह्या टायमाला कशाला?"

मी त्याला वाटेल ते बोललो. तुला बारा वर्षं झाली टोळीत, तुला अक्कल नाही, स्लॅब कोरडा पडतोय हे दिसलं नाही तुला. तो म्हणाला, "पाणी मिस्त्री घालायचे, भाऊ. आमी कधी घातलं? एकदा मी पाइप धरला तर माझ्या हातातून काढून घेतला व्हता त्यांनी." हे खरं आहे. म्हणून तर जास्त राग आला.

मग दगडाबाई आली, तर तिच्यावरही ओरडलो. घर तुझं, घागर तुझ्याकडं, तुला काय झालं होतं पाणी घालायला?

"घातलं व्हतं," ती म्हणाली. "तुमच्याकडं येऊन गेले त्याच सांजच्याला दोन घागरी घेऊन वर गेले. तर गल्लीतली माणसं म्हणली, मिस्त्रीच्या सुतकात कामाला हात लावती, काळीज हाय का न्हाय तुला. उतरले मंग." पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुम्ही बी तसंच म्हणलं व्हतं."

आता वही मागं उलटून बघितली, सहा आणि आठ तारखेची पानं. वाचवत नाहीत. किती ऐटीत लिहिलंय.

१६ मे, शनिवार

काल जेवलो नाही. आज सकाळी वहिनी ताट घेऊन आली आणि समोर बसली. दहा दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललेलं नाही, सगळे तिच्यापुढं दादाचे गुण गातात. मी सगळं सांगितलं. रामकिसनचं म्हणणंही सांगितलं. आणि खरं तेच लिहितो, मला ते म्हणणं रात्रीपासून पटायला लागलं होतं. आपल्या माणसाचं नाव तेरवीच्या दिवशी मातीत घालणारा मी कोण? गिलावा दिला तर कुणाला कळणार आहे?

वहिनी म्हणाली, "तुमच्या खोलीला वास्तू-बिस्तू काय नव्हतं, भावजी."

मला आधी कळलंच नाही.

"तुमच्या खोलीचा स्लॅब टाकला अन् दुसऱ्या दिवशी माझा बाप वारल्याचा सांगावा आला. आमी तसंच निघालो. पाच दिवस तिकडं. पाण्याचं कुणाला सांगून जायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाय. तुम्ही बी तवा कामात नवीन व्हते, नवरीला घेऊन देवाला गेलते. आमी आलो तर स्लॅब वाळून चिरलेला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"रोज म्हणायचे, आज सांगतो. तुम्ही त्यांच्याकडं बघायचेच असे, जसं ह्यांच्या हातनं काय चुकतच नाय. त्यांची जीभ उचलली नाय. ज्योतिषाचं नाव मीच सुचवलं." ताट माझ्याकडं सरकवून म्हणाली, "तवापासून पाण्याला कुणाला हात लावू दिला नाय त्यांनी. जेवा आता."

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं मी पडवीतल्या त्या पडद्यावरून मनात कुढत राहिलो, आणि हा माणूस रोज माझ्याशेजारी बसून भाकर खात होता. फोडला तर फोडला, त्यात चूक नव्हती. पण एक वाक्य बोलायला काय होत होतं? आणि सगळ्या करमाडला स्लॅबचं पाणी का महत्त्वाचं ते शिकवायचं सोडून हा एकटा पाइप घेऊन शिड्या चढत राहिला. शिकवलं असतं तर रामकिसननं माझं न ऐकता पाणी घातलं असतं. घातलंच असतं. मला दादाचा इतका संताप जिवंतपणी कधी आला नव्हता.

जेवलो मात्र.

१७ मे, रविवार

तेरवी. शाळेच्या पटांगणात मांडव. काकासाहेबानं भाषण केलं, पाटीवरचं कापड काढायला मला बोलावलं. मी कापडाला हात न लावता माइक घेतला. मला भाषण येत नाही. जे बोललो ते आठवेल तसं लिहितो.

"दगडाबाईचा स्लॅब गेला. दादानं टाकला, पाणीबी भरलं. मग आपण त्याचा मान म्हणून कामं बंद केली अन् नऊ दिवस त्याला वाळवलं. बंद मी सांगितला. बाई मला विचारायला आली, तिला मी हाकलली. उद्या सकाळी तो फोडायचा. खर्च माझा. पाटी सध्या झाकूनच राहू द्या."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी हे बोलायचं का?" त्याच्या अंगावर जायचं मनात आलं, पण त्याआधी बायकांच्या बाजूनं दगडाबाई उठली. मला वाटलं, ही आता म्हणेल, जाऊ द्या भाऊ, असू द्या. ती म्हणाली, "फोडा. पर मला तारीख सांगा. जूनअखेर मला जागा सोडायची हाय. तुमचं सुतक, तुमचा मान, तुमची पाटी. माझ्या डोक्यावर काय हाय?"

तारीख सांगितली. सव्वीस मे. चारचौघांत इतका अपमान माझा कधी झाला नव्हता, आणि ती एक शब्दही वावगा बोलली नव्हती.

१९ मे, मंगळवार

काल आणि आज फोडला. पहिला घण मी घातला. रामकिसन सात माणसं घेऊन आला, गावातली बाकी टोळी नाही आली. काहींना म्हणे वाटतं, मी भावाची बदनामी केली. करा म्हणावं घरी बसून शोक.

सळया साफ करून पुन्हा बांधायला घेतल्या. दगडाबाई दिवसभर डोक्यावरून राडारोडा वाहत होती, माझ्याशी बोलत नव्हती. वहिनी दुपारी बारा माणसांच्या भाकरी घेऊन स्वतः आली. तेरवीनंतर घराबाहेर पडली ती पहिल्यांदा. दगडाबाईजवळ बसून जेवली.

२७ मे, बुधवार

काल नवा स्लॅब टाकला. आज उजाडताच वर गेलो, वाफे केले, पाणी भरायला लागलो. दगडाबाई घागर घेऊन शिडीवरून वर आली. माझ्या तोंडातून लगेच निघालं, "तू खाली हो, मी घालतो." बोललो आणि स्वतःच्या आवाजात दादाच ऐकू आला.

तिला पाइप दिला. वाफा कसा भरायचा, बांध ओला ठेवायचा, पांढरा डाग दिसला की तिथं आधी पाणी, ऊन चढायच्या आत एकदा, दुपारी दोनदा, सगळं दाखवलं. रामकिसनलाही हाक मारून वर बोलावलं आणि त्याच्याकडूनही एक वाफा भरून घेतला. तो म्हणाला, "येतंय की भाऊ मला." मी म्हटलं, "माहीत आहे, तरी भर."

दुपारी मी मुद्दाम गेलो नाही. घरात दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. वहिनी ओसरीतून बघत होती. चार वाजता राहवलं नाही, गेलो.

वाफे काठोकाठ भरलेले होते. कोपऱ्यातला एक बांध खचलेला, तो कुणीतरी हातानं लिंपून घेतला होता, चिखलात बोटं उमटलेली. दगडाबाई भाजी घेऊन बसस्टँडवर गेली होती. वर कुणी नव्हतं. मी काठावर बसलो आणि मोठ्यानं म्हटलं, "दादा, सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं का तुला?"

आणि मग रडू आलं. पाच तारखेपासून एकदाही आलं नव्हतं.